वंगणतेलाची साक्ष : यंत्रांतील झिजेचे निदान आणि त्याच्या मर्यादा

सारांश : यंत्रात फिरणारे वंगणतेल यंत्राच्या अंतर्भागातील हलत्या पृष्ठभागांना स्पर्श करते आणि परतताना तेथील झिजेचे सूक्ष्म कण सोबत आणते. या तेलाचे नियमित परीक्षण केल्यास यंत्र न उघडता त्याच्या प्रकृतीविषयी अनुमान बांधता येते. प्रस्तुत लेखात तेलपरीक्षणाच्या प्रमुख पद्धती, त्यांमागील शास्त्रीय तत्त्वे आणि त्यांच्या मर्यादा यांचा परामर्श घेतला आहे. कोणतीही एक चाचणी पुरेशी नसते, प्रत्येक चाचणीला कणांचा ठरावीक आकारच दिसतो आणि अहवालातील आकड्याला यंत्राच्या पूर्वेतिहासाशी ताडून पाहिल्यावरच अर्थ प्राप्त होतो, हे येथे उदाहरणांसह स्पष्ट केले आहे.

बीजशब्द : वंगणतेल, झीज, श्यानता, वर्णपटीय विश्लेषण, फेरोग्राफी, स्थितीनुसार देखभाल.

प्रस्तावना

महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास संपतो. या काळात मिलचे रोलर रात्रंदिवस फिरत असतात. हे रोलर फिरविणारा गिअरबॉक्स ऐन हंगामात निकामी झाला, तर त्याचे परिणाम कारखान्याच्या आवारापुरते मर्यादित राहत नाहीत. तोडलेला ऊस गाडीतळावर वाळू लागतो, त्यातील साखरेचे प्रमाण घटत जाते, तोडणी मजुरांच्या टोळ्या बसून राहतात आणि ज्यांचा ऊस अद्याप शेतात उभा आहे त्या शेतकऱ्यांची तोड लांबते. याउलट, गिअरबॉक्स सुस्थितीत असताना केवळ शंकेपोटी तो उघडला, तर तो खर्च आणि खोळंबा अनाठायी ठरतो. शिवाय उघडलेल्या यंत्रात धूळ शिरण्याचा आणि जुळणी चुकण्याचा धोका असतोच.

यंत्र उघडावे की चालू ठेवावे, हा निर्णय पूर्वी अनुभवी कारागिराच्या कानावर आणि हातावर अवलंबून असे. आवाज बदलला, आवरण तापले, कंप जाणवू लागला, म्हणजे काहीतरी बिघडले असे अनुमान काढले जाई. मात्र ही लक्षणे बहुधा बिघाड बराच पुढे गेल्यानंतर प्रकट होतात. त्याआधीची सूचना अनेकदा वंगणतेलातून मिळू शकते. म्हणूनच तेलपरीक्षणाची तुलना वैद्यकातील रक्ततपासणीशी नेहमी केली जाते. ही तुलना बऱ्याच अंशी सार्थ आहे. कारण रक्ताच्या अहवालाप्रमाणे तेलाचा अहवालही केवळ लक्षणे नोंदवितो, निदान मात्र माणसालाच करावे लागते. कोणती चाचणी काय दाखविते आणि काय दाखवू शकत नाही, हे जाणल्याशिवाय असे निदान शक्य नाही.

१. वंगणाचा थर आणि झीज

इ. स. १८८३ च्या सुमारास ब्रिटिश अभियंता बोशँप टॉवर हा रेल्वेच्या आसाला आधार देणाऱ्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. बेअरिंगच्या माथ्यावर त्याने तेलासाठी एक छिद्र पाडले होते. आस फिरू लागताच त्या छिद्रातून तेल वर येऊ लागले. ते बंद करण्यासाठी ठोकलेले बूचही तेलाच्या दाबाने बाहेर ढकलले गेले. आस आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा दाबयुक्त थर निर्माण होतो आणि संपूर्ण भार त्या थरावर तोलला जातो, हे या प्रयोगातून प्रथमच स्पष्ट झाले. ऑस्बर्न रेनॉल्ड्स याने १८८६ मध्ये या घटनेची गणिती उपपत्ती मांडली. फिरणारा पृष्ठभाग तेलाला पाचरीसारख्या निमुळत्या जागेत ओढून नेतो आणि त्यामुळे दाब निर्माण होतो, असे तिचे सार आहे.

हा थर अत्यंत पातळ असतो. साध्या बेअरिंगमध्ये त्याची जाडी काही मायक्रॉनपासून काही दशक मायक्रॉनपर्यंत असते, तर गिअरच्या दातांत आणि गोळ्यांच्या बेअरिंगमध्ये ती बहुधा एका मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ७० मायक्रॉन असते, हे लक्षात घेतल्यास या थराच्या नाजूकपणाची कल्पना येते. डोळ्यांना न दिसणारा पाच मायक्रॉनचा धूलिकणदेखील गिअरच्या दातांमधील थरापेक्षा मोठा ठरतो.

हा थर तुटला किंवा दूषित झाला की झीज वाढते. झिजेचे स्थूलमानाने चार प्रकार मानता येतात. दोन धातूंचे उंचवटे एकमेकांना चिकटून तुटल्याने होणारी आसंजक झीज, कठीण कणांनी पृष्ठभाग ओरबाडल्याने होणारी अपघर्षक झीज, वारंवार पडणाऱ्या भाराने पृष्ठभागाखाली भेगा पडून कपचे निघाल्याने होणारी थकवाजन्य झीज आणि पाणी वा आम्ल यांमुळे होणारी गंजजन्य झीज. या प्रत्येक प्रकारात सुटणाऱ्या कणांचा आकार, आकारमान आणि संख्या वेगवेगळी असते. झीज ओळखण्याची सर्व तंत्रे या भेदावर आधारलेली आहेत.

२. तेलपरीक्षणाची वाटचाल

वापरलेल्या तेलातील धातूंवरून इंजिनाची प्रकृती ओळखण्याचा पद्धतशीर प्रयत्न प्रथम अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी १९४० च्या दशकात केला. वाफेच्या इंजिनांची जागा डिझेल इंजिने घेत होती आणि नव्या इंजिनांतील बिघाड खर्चिक ठरत होते. पुढील दशकात अमेरिकी नौदलाने विमानांच्या इंजिनांसाठी हे तंत्र स्वीकारले. १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. घर्षण, झीज आणि वंगण यांच्या शास्त्राला ‘ट्रायबॉलॉजी’ हे नाव या अहवालाने दिले. या विषयातील उपलब्ध ज्ञानाचा योग्य वापर केल्यास ब्रिटिश उद्योगाची वर्षाकाठी सुमारे ५१.५ कोटी पौंडांची बचत होऊ शकेल, असा अंदाज त्यात वर्तविला होता. झीज ही यंत्राची अटळ नियती नसून अभ्यासाचा व नियंत्रणाचा विषय आहे, ही दृष्टी या अहवालामुळे रुजली. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी व्हर्नन वेस्टकॉट यांनी अमेरिकेत फेरोग्राफी हे तंत्र विकसित केले आणि झिजेच्या कणांचे केवळ प्रमाण न मोजता त्यांचे रूप पाहणे शक्य झाले.

३. तेलाचे आरोग्य

तेलपरीक्षणात तीन स्वतंत्र प्रश्नांची उत्तरे शोधली जातात : तेल स्वतः सुस्थितीत आहे काय, तेलात बाहेरून काही शिरले आहे काय आणि यंत्र झिजत आहे काय. यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः श्यानता आणि आम्लता यांवरून मिळते.

श्यानता, म्हणजेच कारखान्यातील भाषेत व्हिस्कॉसिटी, हा तेलाचा सर्वांत महत्त्वाचा गुणधर्म होय. वंगणाच्या थराची जाडी प्रामुख्याने तिच्यावर अवलंबून असते. औद्योगिक तेलांची आंतरराष्ट्रीय वर्गवारी ४० अंश सेल्सिअस तापमानाच्या श्यानतेवर केली जाते. उदाहरणार्थ, गिअरबॉक्समध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या ३२० क्रमांकाच्या तेलाची श्यानता या तापमानाला २८८ ते ३५२ सेंटिस्टोक या मर्यादेत असावी लागते. वापरात असताना ती वाढली, तर तेलाचे ऑक्सिडीकरण झाले असावे किंवा जास्त दाट तेल मिसळले गेले असावे. ती घटली, तर इंजिनाच्या बाबतीत तेलात इंधन उतरल्याची, तर गिअरबॉक्सच्या बाबतीत पातळ तेल चुकून भरले गेल्याची शक्यता प्रथम तपासावी लागते.

ऑक्सिडीकरणामुळे तेलात आम्ले तयार होतात. एक ग्रॅम तेलातील आम्ल उदासीन करण्यास किती मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागते, यावरून आम्लांक ठरविला जातो. तापमान दर दहा अंशांनी वाढले की ऑक्सिडीकरणाचा वेग सुमारे दुप्पट होतो, असा व्यवहारातील ठोकताळा आहे. म्हणून सतत गरम चालणाऱ्या यंत्रातील तेलाचे आयुष्य झपाट्याने घटते. मात्र नव्या तेलातही पूरक रसायनांमुळे काही आम्लांक असतोच. त्यामुळे वापरलेल्या तेलाच्या आम्लांकाची तुलना त्याच तेलाच्या नव्या नमुन्याशीच करणे आवश्यक ठरते.

४. बाहेरून शिरणारे शत्रू

तेलात बाहेरून शिरणाऱ्या घटकांत पाणी आणि धूळ हे दोन प्रमुख होत. वाफेवर चालणाऱ्या टर्बाइनमध्ये आसाभोवतीच्या ग्लँडमधून निसटलेली वाफ बेअरिंगच्या तेलात मिसळते आणि तेथे तिचे पाणी होते. पाण्यामुळे गंज चढतो, पूरक रसायनांचे विघटन होते आणि बेअरिंगचे आयुष्य घटते. तापलेल्या तव्यासारख्या पृष्ठभागावर तेलाचा थेंब टाकून तो तडतडतो की नाही हे पाहणे, ही पाण्याची साधी चाचणी कारखान्यातच करता येते. अचूक मोजमापासाठी जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल फिशर यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत आजही प्रमाण मानली जाते.

घन कणांची मोजदाद आंतरराष्ट्रीय मानक ४४०६ नुसार तीन आकड्यांच्या संकेताने व्यक्त केली जाते. एक मिलिलिटर तेलात ४, ६ आणि १४ मायक्रॉनपेक्षा मोठे असलेले कण किती, हे हे तीन आकडे अनुक्रमे दर्शवितात. उदाहरणार्थ, १८/१६/१३ या संकेतातील १८ म्हणजे ४ मायक्रॉनपेक्षा मोठे कण १,३०० ते २,५०० च्या दरम्यान, १६ म्हणजे ६ मायक्रॉनपेक्षा मोठे कण ३२० ते ६४० च्या दरम्यान आणि १३ म्हणजे १४ मायक्रॉनपेक्षा मोठे कण ४० ते ८० च्या दरम्यान. या मोजपट्टीत आकडा एकाने वाढला की कणांची संख्या सुमारे दुप्पट होते. त्यामुळे १८ चा २१ झाल्यास वाढ किरकोळ वाटते; प्रत्यक्षात कण सुमारे आठपट झालेले असतात. अहवाल वाचताना हे ध्यानात न घेतल्यास गंभीर इशारा दुर्लक्षिला जाण्याची शक्यता असते.

५. झिजेच्या कणांचा शोध

यंत्र झिजत आहे काय, या तिसऱ्या प्रश्नासाठी सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत वर्णपटीय विश्लेषणाची आहे. तेलाचा नमुना विद्युत ठिणगीत किंवा अतितप्त वायूच्या ज्योतीत जाळला जातो. त्या उष्णतेत प्रत्येक मूलद्रव्य स्वतःच्या विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकते. त्या प्रकाशाच्या तीव्रतेवरून दहा लाख भागांत त्या मूलद्रव्याचे किती भाग आहेत हे कळते. लोह हे गिअर, आस व सिलिंडर यांकडे, क्रोमियम हे पिस्टनच्या रिंगा व गोळ्यांच्या बेअरिंगकडे, तांबे व कथील हे ब्राँझच्या बुशांकडे, तर शिसे व कथील हे पांढऱ्या धातूच्या बेअरिंगकडे निर्देश करतात. एका नमुन्यातून अनेक मूलद्रव्यांचे प्रमाण काही मिनिटांत मिळत असल्याने ही पद्धत सर्वत्र रूढ झाली आहे.

तथापि या पद्धतीची एक मूलभूत मर्यादा आहे. ठिणगीत किंवा ज्योतीत केवळ बारीक कणच पूर्णपणे जळू शकतात. साधारणतः ५ ते १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण या उपकरणास जवळजवळ दिसत नाहीत. सर्वसाधारण, संथ झिजेत सुटणारे कण बारीक असल्याने त्यांची नोंद चांगली होते. परंतु झीज गंभीर रूप धारण करू लागली की कणांचे आकारमान वाढत जाते; गिअरच्या दाताचा कपचा निघतो तेव्हा कण शंभर मायक्रॉनचा किंवा त्याहून मोठा असू शकतो. अशा वेळी लोहाचा आकडा स्थिर राहूनही यंत्र विनाशाच्या दिशेने जात असू शकते. म्हणजेच धोका सर्वाधिक असतो नेमक्या त्या अवस्थेत ही पद्धत अंध होते. ‘लोह मर्यादेत आहे’ या एका वाक्यावर विसंबून गिअरबॉक्स निर्धोक ठरविणे त्यामुळेच चुकीचे होय.

ही उणीव भरून काढण्यासाठी चुंबकत्वावर आधारलेल्या पद्धती वापरल्या जातात. नमुन्यातील एकूण चुंबकीय पदार्थ मोजून निर्देशांक देणारी उपकरणे कणाच्या आकारमानाचा फारसा विचार न करता मोठ्या कणांचीही दखल घेतात. लोहाचा वर्णपटीय आकडा स्थिर आणि चुंबकीय निर्देशांक मात्र चढता, असे चित्र दिसल्यास मोठे कण सुटू लागल्याचे अनुमान काढता येते. दोन चाचण्या एकत्र वाचल्याने मिळणारी ही माहिती कोणत्याही एका चाचणीतून मिळत नाही.

फेरोग्राफीमध्ये तेल तिरप्या काचपट्टीवरून प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रातून वाहू दिले जाते. मोठे कण प्रारंभी आणि बारीक कण पुढे, अशा क्रमाने ते पट्टीवर मांडले जातात. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे निरीक्षण केले जाते. पातळ, गुळगुळीत पापुद्रे सामान्य झीज सुचवितात. लेथवर निघणाऱ्या किसासारखे वळलेले कण कठीण धूळ किंवा चुकीची जुळणी दर्शवितात. जाड, खडबडीत कपचे थकव्याचे लक्षण असते, तर पृष्ठभागावर समांतर ओरखडे असलेले कण तेलाचा थर तुटून धातूवर धातू घासल्याची साक्ष देतात. काचपट्टी सुमारे ३३० अंशांपर्यंत तापविल्यास साध्या पोलादाचे कण निळसर, तर बिडाचे कण पिवळट दिसू लागतात, आणि कण कोणत्या भागातून आला याचा माग लागतो. ही पद्धत मात्र वेळखाऊ आहे आणि तिची विश्वसनीयता निरीक्षकाच्या अनुभवावर अवलंबून असते. शिवाय चुंबकाला न चिकटणारे तांबे वा शिसे यांचे कण तिच्यात अपवादानेच सापडतात.

६. नमुन्याचे महत्त्व

प्रयोगशाळा कितीही अद्ययावत असली, तरी चुकीच्या नमुन्यातून योग्य निष्कर्ष निघू शकत नाही. यंत्र थांबवून काही तासांनी टाकीच्या तळातून काढलेल्या नमुन्यात साचलेला गाळ आणि पाणी येते. टाकीच्या वरच्या थरातून काढलेला नमुना खोटी स्वच्छता दाखवितो. फिल्टरनंतर काढलेल्या नमुन्यातून मोठे कण आधीच गाळले गेलेले असतात. म्हणून यंत्र चालू असताना, तेल नेहमीच्या तापमानावर असताना, बेअरिंग व गिअर यांतून परतणाऱ्या तेलाच्या मार्गावरून आणि फिल्टरच्या आधी नमुना घ्यावा, असा दंडक आहे. दर वेळी जागा तीच असावी, बाटली स्वच्छ असावी, तेथील थोडे तेल आधी सोडून द्यावे आणि बाटलीवर यंत्राचे नाव, तेलाचा प्रकार, तेल बदलल्यापासूनचे तास व मधल्या काळात भरलेले तेल यांची नोंद असावी. यांतील शेवटची बाब बहुतेकदा वगळली जाते आणि अनेक चुकीच्या निष्कर्षांचे मूळ तिच्यात असते.

७. अहवालाचे वाचन

समजा, एका गिअरबॉक्समध्ये ३०० लिटर तेल आहे आणि त्यात दहा लाखांत ५० भाग लोह आढळले. तेलाची घनता विचारात घेतल्यास हे लोह सुमारे १३ ग्रॅम भरते. पुढील महिनाभरात गळतीमुळे १०० लिटर तेल वाहून गेले आणि तेवढेच नवे तेल भरले गेले. झीज पूर्णपणे थांबली असती, तर केवळ या भरणीमुळे लोहाचे प्रमाण सुमारे ३३ वर उतरले असते. आता नव्या अहवालात ४० हा आकडा आला. वरवर पाहता ५० चे ४० झाले, म्हणजे सुधारणा झाली. प्रत्यक्षात ३३ च्या जागी ४० आले आहेत, म्हणजे झीज चालूच आहे. भरलेल्या तेलाची नोंद नसेल, तर हा घटलेला आकडा आश्वासक वाटतो आणि गळती हीच यंत्राच्या रोगावरचे पांघरूण बनते.

आकड्यामागील कारण ओळखतानाही अशीच सावधगिरी बाळगावी लागते. सिलिकॉन वाढल्यास धूळ शिरली असे प्रथमदर्शनी वाटते, कारण वाळू व माती यांत सिलिकॉन मुबलक असते. परंतु तेलाला फेस येऊ नये म्हणून मिसळलेल्या रसायनांत आणि जोडांना लावलेल्या सिलिकॉनच्या लेपातही तेच मूलद्रव्य असते. सिलिकॉनसोबत ॲल्युमिनियम आणि लोह हेही वाढत असतील, तर मातीचा संशय दृढ होतो. एकटे सिलिकॉन नुकत्याच झालेल्या दुरुस्तीनंतर वाढले असेल, तर लेपाचा विचार करावा लागतो. तांब्याबाबतही असेच घडते. तेल थंड करणाऱ्या कूलरच्या तांब्याच्या नळ्यांवर तेलातील रसायनांची क्रिया होऊन कोणतेही बेअरिंग न झिजता तांब्याचा आकडा चढू शकतो. कथील किंवा शिसे सोबत वाढले आहे काय, हे पाहिल्याशिवाय ब्राँझच्या बुशावर दोषारोप करणे घाईचे ठरते.

यावरून असे दिसून येते की, एकाकी आकड्यापेक्षा त्याचा कल महत्त्वाचा असतो. नवे यंत्र प्रारंभी अधिक झिजते, नंतर दीर्घकाळ झिजेचा वेग स्थिर राहतो आणि अखेरीस तो पुन्हा वाढू लागतो. प्रत्येक यंत्राचा स्थिर काळातील स्वतःचा एक पाया असतो. एका गिअरबॉक्ससाठी ८० भाग लोह ही नित्याची बाब असू शकते, तर दुसऱ्यासाठी ३० भागही इशारा ठरतो. म्हणून पहिले काही अहवाल निदानापेक्षा हा पाया निश्चित करण्यासाठी उपयोगी पडतात.

८. दोन अपघातांचे धडे

तेलातील साक्ष मिळणे आणि ती समजणे यांत किती अंतर असू शकते, हे हेलिकॉप्टरच्या दोन अपघातांवरून स्पष्ट होते. हेलिकॉप्टरचा गिअरबॉक्स हे कारखान्यातील यंत्र नव्हे. तथापि त्यावर नजर ठेवण्याची तत्त्वे तीच आहेत आणि या अपघातांच्या अधिकृत चौकशीचे अहवाल प्रसिद्ध झालेले असल्याने त्यांपासून उद्योगांनाही बोध घेता येतो.

१ एप्रिल २००९ रोजी उत्तर समुद्रातील तेलफलाटावरून स्कॉटलंडमधील ॲबर्डीनकडे परतणारे सुपर प्यूमा जातीचे हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व १६ जण मृत्युमुखी पडले. मुख्य गिअरबॉक्सच्या दुसऱ्या टप्प्यातील एक ग्रहीय गिअर थकव्याने तडकून फुटला होता. २५ मार्च रोजी, म्हणजे अपघातापूर्वी केवळ सात दिवस आधी, गिअरबॉक्समधील चुंबकीय कणशोधकावर धातूचा एक कण सापडला होता. त्याची दखल घेतली गेली, त्याविषयी विचारविनिमयही झाला. परंतु त्या देवाणघेवाणीत गैरसमज राहिले आणि तो कण त्या गिअरच्या ऱ्हासाचे चिन्ह आहे, हे ओळखले गेले नाही. याशिवाय गिअरबॉक्सच्या रचनेत चुंबकांचे एक कडे असल्यामुळे त्या भागातून सुटलेले कण पुढील कणशोधकापर्यंत पोहोचण्याची शक्यता कमी झाली होती, असेही ब्रिटिश चौकशी यंत्रणेने २०११ च्या अहवालात नमूद केले. साक्ष मिळाली होती. ती वाचली गेली नाही.

२९ एप्रिल २०१६ रोजी नॉर्वेतील टुरॉय बेटाजवळ त्याच कुळातील पुढील जातीचे हेलिकॉप्टर कोसळून १३ जणांचा मृत्यू झाला. याही वेळी दुसऱ्या टप्प्यातील ग्रहीय गिअर थकव्याने फुटला होता. मात्र भेग पृष्ठभागाखालून पसरत गेल्याने फारच थोडे कपचे सुटले आणि कणशोधकाने कोणताही इशारा दिला नाही. येथे साक्षच जवळजवळ उपलब्ध नव्हती.

पहिला अपघात अर्थबोधाच्या अपयशाचा, तर दुसरा पद्धतीच्या मर्यादेचा आहे. तेलपरीक्षण हे झिजेतून सुटलेल्या पदार्थाचे परीक्षण असल्याने, जो बिघाड पदार्थ न सोडता वाढतो तो या परीक्षणाच्या कक्षेबाहेर राहतो. म्हणून महत्त्वाच्या यंत्रांसाठी तेलपरीक्षणाला कंपनमापन, तापमानाची नोंद आणि भेगा शोधणाऱ्या चाचण्या यांची जोड देणे अपरिहार्य ठरते.

९. साखर कारखान्याच्या संदर्भात उपयोजन

साखर कारखान्याच्या बाबतीत या विवेचनाचा उपयोग सोप्या रीतीने करता येतो. सर्व यंत्रांचे सारखेच परीक्षण करण्याची आवश्यकता नसते. ज्या यंत्राला पर्याय नाही आणि जे थांबल्यास गाळप थांबते, त्या मिलचे गिअरबॉक्स, टर्बाइन आणि ऊस बारीक करणाऱ्या यंत्रांची मोठी बेअरिंगे यांना अग्रक्रम द्यावा लागतो. हंगामाच्या प्रारंभी, भरलेले तेल यंत्रात पुरेसे फिरल्यानंतर पहिला नमुना घेतल्यास तुलनेसाठी पाया मिळतो. त्यानंतर ठरावीक अंतराने नमुने घ्यावेत आणि आकडा बदलू लागताच ते अंतर कमी करावे. श्यानता, पाणी, वर्णपटीय विश्लेषण आणि चुंबकीय निर्देशांक या चार चाचण्या नियमित असाव्यात; त्यांत विसंगती दिसल्यास फेरोग्राफी करावी.

हवेत सतत उडणारा बगॅसचा भुसा, ऊस व मातीचे कण आणि वाफेचा ओलावा ही या परिसराची वैशिष्ट्ये असल्याने हवाछिद्रांवरील जाळ्या, झाकणे आणि तेल साठविण्याची पिंपे यांची निगा ही परीक्षणाइतकीच महत्त्वाची होय. पावसाळ्यात यंत्रे बंद असताना तेलात ओलावा शिरून गंज चढण्याचा संभव असतो. म्हणून हंगामाअखेरीचा नमुना आणि नव्या हंगामापूर्वीचा नमुना यांची तुलना उद्बोधक ठरते. हंगाम संपल्यावर कोणता गिअरबॉक्स प्रथम उघडावा, याचा क्रमही अशा नोंदींवरून लावता येतो. उघडल्यानंतर प्रत्यक्ष काय आढळले, हे जुन्या अहवालाशेजारी लिहून ठेवल्यास पुढील वर्षीचे निदान अधिक अचूक होते. ही अखेरची नोंद बहुधा कोणी करीत नाही. वास्तविक अनुभवाचे ज्ञानात रूपांतर तेथेच होत असते.

समारोप

वंगणतेलाचे परीक्षण हे यंत्राच्या अंतर्भागात डोकावण्याचे प्रभावी साधन आहे. श्यानता व आम्लता तेलाची प्रकृती सांगतात, पाणी व कणसंख्या बाहेरील आक्रमणाची वर्दी देतात आणि धातूंचे कण झिजेचे स्थान व स्वरूप सूचित करतात. परंतु वर्णपटीय पद्धतीस मोठे कण दिसत नाहीत, चुंबकीय पद्धतीस तांबे व शिसे दिसत नाहीत आणि जेथे कणच सुटत नाहीत तेथे या सर्वच पद्धती मौन पाळतात. त्यामुळे ‘सर्व आकडे मर्यादेत’ हा शेरा ‘यंत्र निर्दोष’ या शेऱ्याला समानार्थी नाही. नमुना काढणारा कामगार, प्रयोगशाळेतील विश्लेषक आणि यंत्र थांबविण्याचा अधिकार असलेला अभियंता या तिघांमध्ये माहितीचा प्रवाह अखंड राहिला, तरच बाटलीभर तेलातील साक्ष वेळीच ऐकली जाईल. तसे झाल्यास ऐन हंगामात मिल बंद पडण्याचे आणि गव्हाणीपुढे ऊस खोळंबून राहण्याचे अनेक प्रसंग टाळता येतील.